सेकंदाचा पाचशेवा भाग

घरात कॅमेरा घ्यायचा विषय निघाला, की दुकानात जाण्याआधी फोनची गॅलरी उघडावी आणि गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो बाजूला काढावेत. चांगले नकोत, फसलेलेच. धावत येणाऱ्या पोरीचा पुसट चेहरा, स्नेहसंमेलनात नाचणारा मुलगा म्हणजे जांभळ्या उजेडातला एक ठिपका, खो-खोत खांबाला वळसा घेतानाचा क्षण म्हणून टिपलेली नुसती धूळ. असे वीस-पंचवीस फोटो सलग पाहिले की एक गोष्ट दिसते. गणपतीची आरास बिघडलेली नाही. सूर्यास्त, जेवणाचं ताट, गडाच्या दरवाजातला सगळ्यांचा एकत्र फोटो, यातलं काहीच बिघडलेलं नाही. बिघडलंय ते हलणारं, लांबचं आणि अंधारातलं. कॅमेरा घ्यायचा तो या तीन कामांसाठी. बाकीचं फोन करतोच आहे, आणि तो आधीच खिशात आहे.

एवढं पटलं की निम्मी जाहिरात गळून पडते. सगळ्यात आधी मेगापिक्सेल. ६ बाय ४ इंची छापील फोटोला, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरले तरी, जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात. ए-४ आकाराला ८७ लाख. ४के टीव्हीचा अख्खा पडदा ८३ लाखांचा. म्हणजे १२ मेगापिक्सेलवर (एक कोटी वीस लाख पिक्सेलवर) घरातलं एकही काम अडत नाही, आणि आज बाजारात त्याच्याखाली सहसा काही मिळतच नाही. शिवाय निम्मे फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार आणि तिथे चेपले जाणार.

हलणाऱ्याचं गणित जरा नीट करू. आठ वर्षांचं मूल सेकंदाला चार मीटर धावतं असं धरा. शटर १/३० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ते १३ सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे नाक एका जागी सुरू होऊन भलत्याच जागी संपतं. १/५०० ला तेच अंतर आठ मिलिमीटरवर येतं आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. चालणाऱ्याला १/१२५ पुरतं, नाचणाऱ्याला १/२५० हवं, धावणाऱ्याला १/५००, आणि कबड्डीतली चढाई किंवा विहिरीतली उडी असेल तर १/१०००. घरातल्या ट्यूबलाइटखाली फोनचं शटर बरेचदा १/३० च्या आसपास घसरतं. वर फोन चार-पाच चौकटी एकावर एक रचून फोटो बनवतो. स्थिर गोष्टींवर ही युक्ती कमाल चालते. मूल हललं की त्याला तिसरा हात फुटतो.

इथे दुकानदार हमखास म्हणेल, ‘साहेब, स्टॅबिलायझेशन आहे ना!’ असू दे. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, मुलाची पळापळ नाही. १/१५ ला देवळातली समई सुरेख येईल, पण समईपुढे हात जोडून उभं राहायला सांगितलेलं चार वर्षांचं पोर तेवढ्यात मान फिरवून मोकळं होईल.

शटर झटकन मिटवायचं तर आत उजेड कमी येणार, आणि तो कुठून तरी भरून काढावा लागणार. शाळेच्या सभागृहातलं नेहमीचं रंगमंचाचं उजेडमान घेऊ. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स पूर्ण झूमला एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). शटर १/२५० ठेवलं तर आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याची कॅमेऱ्याची क्षमता, ६४०० च्या घरात न्यावा लागतो. त्याच जागी एफ १.८ ची ५० मिमी लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं) लावली की साडेनऊ पटींहून जास्त उजेड आत येतो आणि आयएसओ ६५० वर काम भागतं. एक म्हणजे रव्यासारखा दाणेदार फोटो, दुसरा म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा. ही ५० मिमी एफ १.८ कॅनन, निकॉन, सोनी सगळ्यांकडे असते आणि त्यांच्या स्वस्त लेन्समध्ये मोडते. कुटुंबाच्या कॅमेऱ्यातला सगळ्यात मोठा फरक बॉडीच्या (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याच्या) वरच्या मॉडेलने नव्हे, या छोट्या लेन्सने पडतो. तरी दहापैकी नऊ घरं बॉडीवर आठ-दहा हजार जास्त घालतात आणि किट लेन्सवर थांबतात!

सेन्सरचं, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चिपचं, महत्त्वही उजेडाच्याच हिशेबात आहे. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. ‘एक इंची’ म्हणवणारा १३.२ बाय ८.८ मिमी. त्यात इंच कुठेच नाही; जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून पडलेलं नाव तसंच राहिलंय. एपीएस-सी २३.५ बाय १५.६ (कॅननचा किंचित लहान), आणि फुल फ्रेम ३६ बाय २४. पहिल्यापेक्षा तिसऱ्याचं क्षेत्रफळ तेरा पट. अंगणात घमेलं ठेवलं की वाटीपेक्षा जास्त पाऊस साठतो, तेवढंच हे. कौटुंबिक बजेटमध्ये एपीएस-सी हा खरा मुक्काम. फुल फ्रेमची बॉडी एखाद्या वेळी सवलतीत मिळतेही, पण तिच्या लेन्स खिशालाही जड आणि खांद्यालाही.

आता लांबचं. मैदानाच्या कडेला उभं राहून वीस मीटरवरच्या सव्वा मीटर उंचीच्या मुलाचा फोटो काढायचा आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ते मूल चौकटीच्या उंचीचा जेमतेम पंधरावा भाग व्यापतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर किट लेन्स ५५ मिमीला लावली तर पाव भागाच्याही आत. २५० मिमीला गेलात की आडव्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत बरोब्बर भरतं. म्हणून दुसरी लेन्स घ्यायची तर ५५–२५०, ५०–२५० किंवा ५५–२१० यांपैकी, तुमच्या कंपनीची जी असेल ती. ३०० च्या पुढे जायची गरज पक्षीवेड्यांना. २५० ला शटर १/४०० च्या खाली नेऊ नका; हाताची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी दिसते.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही, कॅमेरा नेता येतो. वर्षातून एकदा जंगलात जाणाऱ्या घराला लांबची लेन्स घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

उजेड, लांबी आणि लहान आकार या तिन्ही गोष्टी स्वस्तात एका डब्यात बसत नाहीत. कोणती सोडायची, हाच काय तो निर्णय.

भलामोठा झूम असलेल्या ब्रिज कॅमेऱ्यांनी उजेड सोडलाय. निकॉन पी९५० ला ८३ पट झूम आहे, २४ ते २००० मिमी (न बदलणाऱ्या लेन्सचे असे आकडे फुल फ्रेमच्या मापात सांगतात). चंद्रावरची विवरं दिसतात, बाल्कनीतून समोरच्या पिंपळावरचा तांबट दिसतो, आणि हे सगळं खरं आहे. पण सेन्सर तोच १/२.३ इंची, वजन किलोभर. भर उन्हात राजा. संध्याकाळी सहानंतर आणि सभागृहात निरुपयोगी. ज्या घरातले फसलेले फोटो सगळे उन्हातले आणि लांबचे आहेत, त्यांनी खुशाल घ्यावा. तशी घरं थोडी.

पाण्यात चालणारे मजबूत कॅमेरे हा वेगळाच प्रांत. ऑलिंपस टीजी-६ आणि त्याचा पुढचा ओएम सिस्टीम टीजी-७ पंधरा मीटर पाण्याखाली आणि दोन मीटरवरून पडले तरी टिकतील असे बनवलेत. तारकर्लीला स्नॉर्केलिंग, पावसाळी ट्रेक, धबधबा, रंगपंचमी, चिखलातला फुटबॉल हेच घराचं आयुष्य असेल तर याला पर्याय नाही. सेन्सर लहान, त्यामुळे रात्री फोनच बरा. यात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा झाकणाच्या रबरी कडेवर अडकलेल्या एका केसामुळे किंवा वाळूच्या कणामुळे. दर वेळी झाकण बंद करण्याआधी कड बोटाने चाचपून पाहायची, दोन्ही खटके लावायचे, आणि समुद्रातून आल्यावर, झाकण बंद ठेवूनच, कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा. नळाची धार मारून मीठ निघत नाही.

एक इंची सेन्सरवाले मात्र मनापासून शिफारस करावी असे, आणि तेच बाजारातून विरळ होत चाललेत. जगभरातल्या कंपन्यांनी २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली आला. फोनने खाल्ला तो हाच मधला वर्ग. पॅनासॉनिकचा एफझेड१००० (२०१४) वापरलेला पण धड मिळाला तर बघाच. २५ ते ४०० मिमी, पूर्ण झूमलाही एफ ४, लेन्स बदलायची भानगड नाही, म्हणून आत धूळ जायची भीतीही कमी. वजन आठशे ग्रॅमच्या वर आहे, आणि तेवढाच त्याचा दोष. खिशात बसणारा हवा असेल तर सोनीचा आरएक्स१००. पहिलं मॉडेल २०१२ चं, २४० ग्रॅमचं, आणि त्याचे फोटो आजही लाजवणारे नाहीत. त्याची लांबी मात्र १०० मिमीला संपते.

उरले लेन्स बदलता येणारे. कॅननचा १५००डी वर्षानुवर्षं ‘घरचा पहिला डीएसएलआर’ (आत आरसा असलेला कॅमेरा) म्हणून खपतोय. फोटो चांगलेच येतात. पण फोकसचे नऊच बिंदू, सेकंदाला तीनच फोटो, पडदा वळत नाही, स्पर्शाला दाद देत नाही, आणि बाहेरचा माइक जोडायला जागा नाही. लेकीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर हा शेवटचा मुद्दा टोचेल. धावणाऱ्या पोरामागे नऊ बिंदू घेऊन धावणं म्हणजे मधला बिंदू चेहऱ्यावर धरून ठेवायचं कसब. घरात एकालाच जमतं, आणि मग तो एकटा कुठल्याच फोटोत नसतो.

मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, डोळा ओळखून फोकस धरून ठेवणारी यंत्रणा असते, आणि पळत्या मुलांच्या आईबापांसाठी गेल्या दहा-बारा वर्षांत कॅमेऱ्यात झालेली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच. कॅनन आर५० बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅमचा आहे, सेकंदाला बारा फोटो काढतो, पडदा कुठेही वळतो आणि डोळ्याला लावायची खिडकीही आहे. त्याची किट लेन्स मात्र १८–४५ मिमी, एफ ४.५ ते ६.३, म्हणजे अंधारीच. त्यासोबत ५० मिमी एफ १.८ धरूनच बजेट आखा, नाहीतर घेतलेला वेग उजेडाअभावी वाया जातो. आर१०० स्वस्त आहे, पण पडदा जागचा हलत नाही, त्याला स्पर्श कळत नाही आणि ४के व्हिडिओत फोकस मंदावतो. वाचलेले पैसे पुढे रोज आठवतात. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० हे व्हिडिओवाल्यांसाठीचे. दोन्हींना खिडकी नाही. मे महिन्यात गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारी पडद्यावर दिसेल ते फक्त आपलं घामेजलेलं तोंड. बजेट फारच आवळलेलं असेल तर वापरलेला सोनी ए६००० (२०१४): १७९ फोकसबिंदू, सेकंदाला अकरा फोटो, साडेतीनशे ग्रॅमच्या आत.

खिडकी असली की तिच्या कडेला एक इवलीशी चकती असते, डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची. आजोबा ‘सगळं धूसर दिसतंय’ म्हणून कॅमेरा परत देतात तेव्हा बिघाड कॅमेऱ्यात नसतो. ती चकती आदल्या माणसाच्या नंबरावर असते.

आपल्याकडच्या वीजपुरवठ्याचा एक त्रास माहितीपत्रकात सापडत नाही. वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. अमेरिकेहून भावाने आणलेला कॅमेरा बहुधा तिथल्या ६० हर्ट्‌झला लावलेला असतो, आणि बारशाच्या व्हिडिओत भिंतीवरून काळे पट्टे सरकत राहतात. मेनूत एनटीएससी (तिथली पद्धत) काढून पीएएल (आपली पद्धत) करा, व्हिडिओचं शटर १/५० किंवा १/१०० ठेवा; पट्टे जातात. फोटोत आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर रंगमंचाच्या दिव्यांखाली तसेच पट्टे येतात, म्हणून तिथे यांत्रिक शटरच. अँटी-फ्लिकर नावाची सोय असेल तर सभागृहात चालू ठेवा. दिवा पूर्ण तेजात असतानाच क्लिक होतं. वेग थोडा कमी होतो, पण दहातला एक फोटो पिवळा आणि एक काळपट येणं थांबतं.

परदेशातून आणलेल्या बॉडीची वॉरंटी बहुतेकदा त्या देशापुरतीच असते, हेही भावाला वेळेवर सांगितलेलं बरं.

साठ हजार ठरवले असतील तर बावन्नच कॅमेरा-लेन्सचे समजा. उरलेल्यात दुसरी बॅटरी (मिररलेसची एक बॅटरी साधारण साडेतीनशे-चारशे फोटोंत संपते, थंडीत आणखी लवकर), ६४ जीबीची दोन कार्डं, रबरी ब्लोअर (हवेने धूळ उडवायचा फुगा), साधी पिशवी. कार्डावर व्ही३० (व्हिडिओसाठीच्या वेगाची खूण) लिहिलेलं असावं. स्वस्तात मिळालेलं कार्ड बरेचदा नकली निघतं: वर १२८ छापलेलं, आत १६, आणि सोळा भरले की पुढचे फोटो मुकाट्याने नाहीसे. घेतल्या दिवशीच ते संगणकावर पूर्ण भरून, परत वाचून तपासायचं. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. बिननावाच्या बॅटऱ्या फुगतात आणि खाचेतून बाहेर निघत नाहीत. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. तिपाई, रंगीत फिल्टर आणि पुसायच्या फडक्यांचा ‘तेरा वस्तूंचा कॉम्बो’ दुकानातच राहू द्या.

वापरलेला घ्यायचा, मग मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात असो की ओळखीतून, तर सोबत टॉर्च, आपलं कार्ड आणि अर्धा तास न्या. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सौदा संपला. दोन-चार धुळीचे कण असतील तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. ते पुसून जातात, पण किंमत उतरवायला उपयोगी. वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून समोरून फोटो काढा. एकच कोपरा पुसट आला तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे. शटर किती वेळा चाललंय हे विचारा. घरगुती वर्गातल्या बॉडीचं शटर लाखाच्या आसपास चालेल असं मानतात. तीस-चाळीस हजार झालेले असतील तर निर्धास्त घ्या. माउंटच्या, म्हणजे लेन्स जोडायच्या कड्याच्या, स्क्रूंवर ओरखडे असतील तर आत कोणी तरी हात घातलेला आहे.

घरी आल्यावर तारीख-वेळ आधी लावा, नाहीतर फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र केल्यावर मंगलाष्टकांआधी पाठवणी येते. मग डायल शटर-प्राधान्यावर (शटर तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा): १/५००, आयएसओ ऑटो पण कमाल ६४००, फोकस सतत पाठलाग करणारा, डोळा ओळखणं चालू, सलग फोटोंचा वेग मध्यम. सगळ्यात जास्त वेग लावला तर एका सामन्याचे दोन हजार फोटो होतात आणि ते कोणी निवडत नाही. रंगमंचावर मागचा पडदा काळा असेल तर कॅमेरा फसून चेहरे पांढरेफटक करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.७ ते उणे १ करा. हे चार आकडे कागदावर लिहून पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवा. घरातल्या दुसऱ्याने कॅमेरा उचलला तर त्याला कोणाला विचारावं लागू नये.

गुलालात लेन्स बदलू नका. ते पीठ झूमच्या नळीत शिरलं की लेन्स खरखरायला लागते, आणि ती खोलून साफ करायचा खर्च अनेकदा लेन्सच्या किमतीजवळ जातो. विसर्जनाला एकच लेन्स, कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी, पुढच्या बाजूला रबर. किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअर, मग ओलसर फडकं. वाळू असताना पुसलं तर काचेवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. एसी गाडीतून कोकणच्या दमट हवेत कॅमेरा थेट काढला की काच धुक्याने भरते. उतरण्याआधी अर्धा तास एसी बंद करा, किंवा पिशवीची चेन न उघडता तेवढा वेळ थांबा.

जून ते सप्टेंबर मात्र कॅमेऱ्याचा मुक्काम हवाबंद डब्यात. स्वयंपाकघरातला पाच लिटरचा चालतो, शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक आत. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर बुरशी धरते. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आत तास-दीड तास, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको, तो रंग विषारी असतो. चामडी केस ओल धरून ठेवते, ती डब्याबाहेर. डांबराच्या गोळ्या अजिबात नको. बुरशीला सगळ्यात मानवतो तो न वापरलेला कॅमेरा, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेर काढून खिडकीत उजेडात दहा मिनिटं, झूम पुढेमागे करत. आणि दसऱ्यानंतर पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, ५० ची लेन्स लावलेली, दाराजवळच्या खुंटीला, छत्रीच्या शेजारी.